बाराशे पंधरा रुपयांचा आरसा

मंडळी, एक छोटा प्रयोग करून बघा. पुढच्या वेळी मॉलमधल्या 'होम डेकोर'च्या दुकानात शिराल (सगळेच शिरतात, एसी छान असतो), तेव्हा भिंतीवरच्या एखाद्या नक्षीदार आरशाची किंमत बघा. पाच हजार, सात हजार, जरा ऐटीतला असेल तर बारा. मग सेल्समन दुसरीकडे बघत असताना हळूच आरशाच्या पाठीमागे डोकवा. मागे काय असतं? एमडीएफची तपकिरी फळी, चार मिलीमीटरचा आरसा, थोडा गोंद आणि दोन हुक. बस्स. बाकीचे पैसे दुकानाचं भाडं, एसी, वाहतुकीत फुटलेले आरसे आणि त्या सेल्समनचा पगार यांचे. त्यात गैर काहीच नाही. पण घरी बसून करता येण्याजोग्या गोष्टींची यादी काढली तर आरसा त्यात फार वर येतो, एवढंच मला म्हणायचंय.

आरसा महाग असायला एके काळी खरंच कारण होतं. फ्रान्समधल्या व्हर्सायच्या राजवाड्यातलं आरशांचं दालन १६८४ साली पुरं झालं. त्यात ३५७ आरसे आहेत. तेव्हा काचेच्या मागे कथिल आणि पाऱ्याचा लेप देत, आणि पाऱ्याच्या वाफेने कारागीर आजारी पडत. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरचे काचवाले आपली विद्या जिवापाड जपत. त्यामुळे भिंतभर आरसे लावणं ही चौदाव्या लुईच्या श्रीमंतीची चक्क जाहिरात होती. पुढे १८३५ मध्ये युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेवर चांदीचा पातळ थर बसवायची रासायनिक रीत शोधून काढली आणि हळूहळू आरसा राजवाड्यातून चाळीत आला. आज कोपऱ्यावरच्या काचवाल्याकडे तो चौरस फुटावर मिळतो, आणि तो हिरकणी फिरवून पाच मिनिटांत हवा तसा कापून देतो.

हवा तसा. माझा मुद्दा याच दोन शब्दांपाशी आहे. दुकानातला आरसा दुकानाच्या मापाचा असतो. घरी केलेला आरसा कुणाच्या तरी मापाचा करता येतो.

आता माप कुणाचं, ते सांगतो.

आमचा बाणेरचा फ्लॅट भाड्याचा आहे. अकरा महिन्यांचा करार, भिंतीला खिळा मारायचा नाही, वगैरे वगैरे. तुम्हाला सगळं पाठ असेलच. घरात एकच आरसा होता, बेसिनच्या वरचा, मालकांनी टाइल्समध्ये पक्का बसवलेला. मालक सहा फुटी आहेत आणि आरसा त्यांनी स्वतः राहात असताना बसवला होता. बेसिन, त्यावर टूथब्रशची फळी आणि मग आरसा. त्याची खालची कड जमिनीपासून ५५ इंचांवर. मला चालतं. बायको जरा टाचा उंचावते आणि लिफ्टमधल्या आरशात उरलेलं उरकते.

२०२४ च्या मार्चमध्ये आई वाईहून आमच्याकडे राहायला आली. बाबा जाऊन चार महिने झाले होते. आई चार फूट दहा इंच, म्हणजे ५८ इंच. तिचे डोळे साधारण ५४ इंचांवर. टेपने मोजून आणि थोडी भूमिती करून बघितलं, तेव्हा कळलं की त्या आरशात आईला कपाळ दिसतं. कपाळ आणि वरचे केस. बाकी काही नाही.

आईने येताना दोन बॅगा आणल्या. पोळपाट-लाटणं आणलं (पुण्यात मिळत नाही म्हणे), पोथ्या आणल्या, मसाल्याचा डबा आणला. फणेरपेटी आणली नाही. ज्यांना फणेरपेटी माहीत नाही त्यांच्यासाठी : लाकडी पेटी, झाकणाला आतून आरसा, झाकण उघडून तिरकं उभं केलं की समोर बसून वेणी-फणी करायची. आत फणी, करंडा आणि कुंकवाखाली लावायचं मेण. आमच्या घरातली पेटी आजीची होती. लहानपणी रोज सकाळी आई तिच्यासमोर दोन मिनिटं बसलेली मला आठवते. दिवसातली तिची स्वतःची अशी तेवढीच दोन मिनिटं असावीत. बाबा गेल्यावर पंधरा दिवसांत तिने ती पेटी मावसबहिणीला देऊन टाकली.

पुण्यात आल्यावर आई बाल्कनीत उभी राहून, रस्त्याकडे बघत, अंदाजाने केस विंचरायची. भांग वाकडा यायचा. एकदा मी म्हटलं, "आई, तुझ्या उंचीचा एक आरसा आणू या का?"

"कशाला? आता मला काय बघायचंय आरशात?"

रागाने नाही, रडून नाही. पोळ्या किती टाकू, हे विचारावं त्या आवाजात.

इथे एक सांगायला हवं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने ठराव केला की पती गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. फार मोठी गोष्ट होती ती. आमच्याकडे बाबा गेले तेव्हा आत्याने दारातच सगळ्यांना बजावलं होतं, यातलं काही करायचं नाही. कुणी केलंही नाही. मग आठवड्याभरात आईने सगळं स्वतःच उतरवून ठेवलं. कुणी सांगितलं नव्हतं. बांगड्या ठरावाने वाचवता येतात. बाईने स्वतःहून आरशाकडे पाठ फिरवली तर त्यावर कुठली ग्रामपंचायत ठराव करणार?

आईशी यावर चर्चा करायच्या फंदात मी पडलो नाही. आमच्या धंद्यात एक गोष्ट शिकायला मिळते. माणसाला "तुला काय हवंय?" असं विचारलं की तो "काही नको" म्हणतो. त्याच्यासमोर अर्धवट काहीतरी करून ठेवलं, की मात्र "हे असं नाही, तसं हवं" हे लगेच सुरू होतं. तेव्हा मी अर्धवट काहीतरी करायला घेतलं.

आधी माप. शाळेत फिजिक्समध्ये हे होतं, पण परीक्षेनंतर विसरायची पद्धत आहे, म्हणून परत सांगतो. स्वतःला डोक्यापासून पायापर्यंत बघायला आपल्या उंचीच्या निम्मा आरसा पुरतो. तुम्ही आरशाजवळ उभे राहा नाहीतर लांब, निम्माच. वरची कड डोळे आणि टाळू यांच्या बरोब्बर मध्ये हवी आणि खालची कड डोळ्यांच्या उंचीच्या निम्म्यावर. आईच्या बाबतीत वरची कड ५६ इंच, खालची २७ इंच. मधलं अंतर २९ इंच, म्हणजे ५८ चे निम्मे. हिशेब जुळला की काय बरं वाटतं!

मग डिझाइन. २०१९ च्या डिसेंबरमध्ये आम्ही कच्छला गेलो होतो. तिथले भुंगे, म्हणजे मातीच्या गोल भिंती आणि वर गवताचं निमुळतं छप्पर असलेली घरं, आतून बघितलेली. भिंतींवर मातीच्या बारीक वळ्यांची नक्षी आणि त्यात बसवलेले छोटे छोटे आरसे. याला तिथे लिप्पन काम म्हणतात. लिप्पन म्हणजे आपलं लिंपणच की. माती आणि जनावराचं शेण-लीद मळून, हाताने वळ्या करून, त्या भिंतीवर बोटांनी दाबून बसवतात. रबारी, मुतवा अशा कितीतरी समाजांच्या बायका हे काम करत आल्या आहेत. खिडक्या लहान, आत काळोख. एक दिवा लावला की तो शंभर आरशांत दिसतो. सजावट आणि लाइटिंग एकाच खर्चात. शिवाय २००१ च्या भूकंपात आसपासची सिमेंटची घरं कोसळली, तेव्हा यातले पुष्कळ भुंगे टिकून राहिले.

त्याच कच्छमध्ये, भुजला, आयना महाल आहे. अठराव्या शतकात महाराव लखपतजींसाठी तो रामसिंह मालम या कारागिराने बांधला. हा गृहस्थ मूळचा दर्यावर्दी. फिरत फिरत हॉलंडला पोचला आणि तिथे काचकाम, मीनाकाम, घड्याळं असं कायकाय शिकून परत आला. भूकंपात महालाचं बरंच नुकसान झालं, तरी आतलं दालन बघण्यासारखं आहे. एकाच मुलखात राजाने युरोपातून विद्या आणवून आरसे लावले आणि गुरं राखणाऱ्या बायकांनी मातीत आरशाचे तुकडे खोचले. मला दुसरं जास्त आवडलं. परवडण्याचाही प्रश्न होताच.

गुजरातमधलं कपडवंज हे गाव या छोट्या आरशांसाठी पूर्वीपासून प्रसिद्ध. तिथे काचेचा पातळ फुगा फुंकत, त्याला आतून लेप देत आणि मग तो फोडून तुकडे करत. त्या तुकड्यांना किंचित फुगवटा असतो, म्हणून जुन्या घागऱ्यांवरचे आरसे जरा हललं तरी लुकलुकतात. आता बाजारात मिळतात ते सपाट आणि मशीनने कापलेले. गोल, चौकोनी, शंकरपाळ्याच्या आकाराचे, त्रिकोणी.

दसऱ्याच्या नंतरच्या शनिवारी मी रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो. गाडी लांब लावून चालत गेलात तर जिवंत परत याल. तिथे क्राफ्टच्या सामानाची जी दुकानं आहेत त्यांत एकदा शिरलं की माणूस दोन तास बाहेर येत नाही. घरी आल्यावर सगळं सामान जमिनीवर मांडलं आणि आईला म्हटलं, "दिवाळीला हॉलमध्ये लावायला काहीतरी करतोय. हाताखाली कुणीतरी हवंय."

आईने चष्मा लावला. एकेक पुडी उचलून बघितली. मी नक्षीसाठी तयार क्लेचा डबा आणला होता, दीडशे ग्रॅमला दीडशे रुपये. तिने तो उलटा करून किंमत वाचली.

"दीडशे रुपयांची माती? परत देऊन ये."

"मग वळ्या कशाच्या करायच्या?"

"कागदाचा लगदा. मेथ्या घालून."

ज्यांच्या घरी कागदाच्या लगद्याच्या टोपल्या व्हायच्या त्यांना हे माहीत असेल. जुने कागद दोन दिवस भिजत घालायचे, मेथीदाणे वेगळे भिजवायचे, दोन्ही वाटून एकत्र मळायचं आणि भांडं पालथं घालून त्यावर थापायचं. मेथीने लगदा चिकट होतो आणि कीडही लागत नाही. आईने अशा टोपल्यांत वर्षानुवर्षं लसूण, कांदे, सुतळीच्या गुंड्या ठेवल्या. 'टाकाऊतून टिकाऊ' हा त्या पिढीचा छंद वगैरे नव्हता, तसंच राहायची रीत होती. आणि रुखवत! आईच्या स्वतःच्या रुखवतात मण्यांचं तोरण, पोतीचा मोर, काड्यांचं घर आणि आरशाला लोकरीच्या फुलांची चौकट होती. हे मला त्या दिवशी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, पहिल्यांदा कळलं. सांगताना ती हातांनी त्या चौकटीचा आकार दाखवत होती.

तर कृती अशी. लगदा मिक्सरमधून अगदी बारीक काढायचा (बायकोच्या परवानगीने. जुनं भांडं वापरा, नाहीतर पुढचा आठवडा चटणीला वर्तमानपत्राचा वास येतो असं तुम्हाला ऐकवलं जाईल). फडक्यात बांधून घट्ट पिळायचा. त्यात वाटलेली मेथी, खडूची पावडर आणि फेविकॉल घालून पोळीच्या कणकेपेक्षा थोडा घट्ट मळायचा. एमडीएफची फळी आधी दोन्ही बाजूंनी प्रायमर मारून वाळवून घ्यायची. एकाच बाजूला ओल लागली तर एमडीएफ धनुष्यासारखं वाकतं, म्हणून दोन्ही बाजू. मधला आरसा सिलिकॉनने चिकटवायचा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास असतो, ते आरशाला चालत नाही. त्यातल्या आम्लाने मागचा लेप खातो आणि नंतर काळे डाग दिसू लागतात. ट्यूबवर 'न्यूट्रल' लिहिलेलं मागून घ्या. आरसा चिकटला की त्यावर कागद आणि मास्किंग टेप लावून झाकायचा, आणि मग भोवतीच्या पट्ट्यावर नक्षी.

नक्षीसाठी मी कॉम्प्युटरवर ग्रिड काढून प्रिंट आणली होती. वर्तुळं, षटकोन, सगळं सममित. आईने ती बघितली, "छान आहे," म्हणाली आणि बाजूला ठेवली. पेन्सिलीने फळीवर ठिपके दिले, रांगोळीला देतात तसे, नुसत्या नजरेने. त्यातून वेल निघाली, वेलीला कोयऱ्या लागल्या. मी नंतर पट्टीने मोजलं. ठिपक्यांतलं अंतर सगळीकडे सारखं होतं, फार तर एखाद्या मिलीमीटरचा फरक. कच्छी कामात मोर असतात, उंट असतात, ताक घुसळणाऱ्या बायका असतात. आमच्याकडे वाईच्या वळणाचं काहीतरी झालं. त्याला लिप्पन म्हणवणार नाही, पण लिंपण म्हणता येईल.

वळ्या आईने केल्या. देवाच्या वाती वळून वळून तिच्या तळहाताला जी सवय झाली आहे, ती कामी आली. एकसारखी, मऊसूत, कुठे जाड नाही कुठे बारीक नाही. माझं काम वळी ठेवायची, दोन बोटांनी कडा दाबायच्या आणि ओलं असतानाच त्यात आरसे बसवायचे. छोट्या आरशांच्या कडा धारदार असतात, तेव्हा लहान मुलं असतील तर त्यांना वळ्या द्या, आरसे देऊ नका. लगदा सावकाश वाळतो. ऑक्टोबरच्या उन्हात चार दिवस लागले, पावसाळ्यात हा उद्योग करू नये. वाळताना बारीक भेगा पडतात, त्या लगद्यानेच बुजवायच्या. मग हलका पॉलिश पेपर, मग पांढरा रंग. आरशांवरचा रंग ओल्या फडक्याने पुसला की झालं. एकूण तीन वीकेंड गेले.

आता हिशेब, कारण पहिली विचारणा तीच असते :

आरसा, ४ मिलीमीटर, १२ × २९ इंच, कडा घासून : २९० रुपये
एमडीएफ, ६ मिलीमीटर, १८ × ३६ इंच, कापून : २१० रुपये
छोटे आरसे, साधारण दोनशे : १२० रुपये
फेविकॉल, अर्धा किलो : १६० रुपये
खडूची पावडर, एक किलो : ३० रुपये
मेथी : १५ रुपये
प्रायमर आणि पांढरा रंग, छोटे डबे : १२० रुपये
न्यूट्रल सिलिकॉन : २३० रुपये
हुक, स्क्रू, गिट्ट्या : ४० रुपये

एकूण १,२१५ रुपये. कागद फुकट. (आमची कंपनी माझ्या तासांचे क्लायंटकडून जे पैसे लावते त्या दराने मजुरी धरली, तर हा आरसा व्हर्सायलाच पाठवावा लागेल.)

वजनाचाही विचार करा. चार मिलीमीटरचा आरसा चौरस फुटाला जवळपास एक किलो भरतो. आमचा अडीच चौरस फुटांच्या आत, म्हणजे सव्वादोन किलो. फळी आणि नक्षी धरून पाच किलोच्या आसपास. चिकटपट्टीवर भरवसा ठेवायचं हे काम नाही, ड्रिल करून गिट्टी-स्क्रूच हवेत. मालकांना फोन केला. "काका, हॉलमध्ये दोन भोकं पाडू का? आईसाठी आरसा लावायचाय." काका क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "पाडा. जाताना लांबी भरून द्या म्हणजे झालं." करारापेक्षा माणसं बरी असतात कधीकधी.

आरशाची खालची कड जमिनीपासून २७ इंचांवर येईल अशी मी भिंतीवर खूण केली, तेव्हा आई पुढे आली.

"एवढा खाली? वर घे की. आल्या-गेल्याला काय गुडघे दाखवायचेत?"

"आल्या-गेल्याने वाकावं."

"अरे, तुझं डोकं तरी दिसेल का त्यात?"

नाही दिसत. हिशेबाने मला त्यात जमिनीपासून ४७ इंचांपर्यंतचा मी दिसतो, म्हणजे मुख्यतः पोट. हेही रोज बघण्यासारखं आहे म्हणा :-)

आई आणखी काही बोलली नाही. ड्रिल चालू असताना खाली वर्तमानपत्र धरून उभी राहिली, सिमेंटची पूड सांडू नये म्हणून.

यापुढचं सांगताना जपून सांगतो, कारण यात चमत्कार काही नाही. पहिले आठ-दहा दिवस आई आरसा फक्त पुसत होती. दिवाळीत शेजारपाजारचे फराळाला आले, त्यांना "लगदा मेथ्यांचा आहे हो" असं सांगत होती. आरशात बघताना मी तिला बघितलं नाही. मग कधीतरी बाल्कनीतलं विंचरणं बंद झालं. भांग सरळ यायला लागला. नोव्हेंबरच्या शेवटाला चष्म्याची दांडी तिरकी झाली आहे हे तिचं तिलाच दिसलं, आणि ती एकटी चालत जाऊन नीट करून आली. पुण्यात एकटीने बाहेर जाऊन केलेलं ते तिचं पहिलं काम.

आणि संक्रांतीच्या सुमारास आरशाच्या खालच्या कोपऱ्यात मला एक टिकली चिकटवलेली दिसली. अगदी बारीक, गडद तपकिरी. बायकोच्या टिकल्या चमचमत्या आणि सणापुरत्या, तेव्हा ती तिची नव्हती. आम्ही दोघांनीही काही विचारलं नाही. ती टिकली कधी आरशावर असते, कधी आईच्या कपाळावर. रोज नसते. देवळात जाताना असते, भाजीला जाताना असेलच असं नाही. नियम काय आहे तो तिचा तिला ठाऊक.

मे महिन्यात एका मुंजीत नात्यातल्या एका बाईंनी तिच्या कपाळाकडे बघून भुवया उंचावल्या आणि "काय गं हे?" असं विचारलंच. मी शेजारीच होतो, उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. त्याआधीच आई म्हणाली, "आरशात बरं दिसत नव्हतं, म्हणून लावली," आणि मठ्ठ्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला.

मला वाटतं, घरातल्या वस्तूंमध्ये कुणीतरी आधीच काही ठरवून ठेवलेलं असतं. आरसा किती उंचीवर, ओटा किती उंचीवर, पंख्याचं बटण कुठे. ते ज्याच्या मापाने ठरलं त्याला ते कधी जाणवत नाही. दुसऱ्याला रोज टाचा उंचावाव्या लागतात, आणि काही माणसं टाचा उंचावायची सोडून देतात. मग ती म्हणतात, मला काय बघायचंय आता. आईचं "बघायचं नाही" हे किती तिचं होतं, किती चार पिढ्यांच्या रीतीचं आणि किती नुसतं ५५ इंचांचं होतं, हे मला सांगता येणार नाही. त्यातलं शेवटचं तेवढं माझ्या हातात होतं. त्याला तीन वीकेंड आणि बाराशे पंधरा रुपये लागले.

उरलेल्या सामानाचं काय केलं तेही सांगतो, कारण सामान उरतंच. छोट्या आरशांतून आणि लगद्यातून चार पणत्यांची तबकं झाली. मधे पणती, भोवती आरसे. लाइट घालवून बघा, भुंग्यात का लावतात ते कळेल. माझ्याकडच्या जुन्या सीडींचा ढीग (प्रत्येक इंजिनीअरकडे असतो, टाकवत नाही) कात्रीने कापून किल्ल्यांच्या फळीवर चिकटवला. सीडीच्या आतही ॲल्युमिनिअमचा चकचकीत थर असतो आणि वर इंद्रधनुष्य फुकट मिळतं. कापण्याआधी सीडी गरम पाण्यात दोन मिनिटं ठेवा, म्हणजे तडकत नाही.

सध्या घरात कागद परत भिजत पडलेत. चौथ्या मजल्यावरच्या काकू गेल्या आठवड्यात आल्या होत्या. त्याही एकट्याच असतात. आरशासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. त्या आईपेक्षा उंच, त्यामुळे वाकून बघत होत्या. मग म्हणाल्या, मला पण असा एक करून द्याल का, सामानाचे पैसे देते. मी मोबाइल काढून हिशेब करायला लागलो.

"तुमची उंची किती हो?" आईने विचारलं.

"पाच फूट दोन."

"म्हणजे बासष्ट. निम्मे एकतीस," आई म्हणाली आणि माझ्याकडे वळली, "काचवाल्याला एकतीस इंच सांग. आणि कडा नीट घासून दे म्हणावं, मागच्या वेळी एका बाजूला धार राहिली होती."